‘गोवा खेड्यांचा, शहरं नुसती खाणारी’ : खुलासा

गोवा म्हणजे खेडी आणि किनारे, उत्पन्न पर्यटनातून येतं, शहरं त्यावर जगतात, हा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो खरा नाही. 2011 च्या जनगणनेत गोव्याची 62 टक्के लोकसंख्या शहरी होती, देशातल्या सगळ्या राज्यांत सर्वाधिक. खाणी 2012 मध्ये बंद पडल्या तेव्हाही दक्षिण गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीतले औषध कारखाने चालूच होते.

शहर उत्पादकता वाढवतं ते गर्दीमुळे नव्हे, जवळिकीमुळे. वेर्ण्यात एकाच वसाहतीत अनेक औषध कंपन्या आहेत. त्यामुळे फोंड्याच्या रसायनशास्त्राच्या पदवीधराला नोकरी बदलायला गाव सोडावं लागत नाही, यंत्र दुरुस्त करणाऱ्याला पुरेशी गिऱ्हाइकं मिळतात आणि एका कारखान्यात शिकलेली पद्धत माणसाबरोबर दुसऱ्यात जाते. अर्थात हे सगळं वेळेवर पोचण्यावर अवलंबून आहे. म्हणून मला पणजी-वेर्णा रस्त्यावरचा, झुआरी नदीवरचा नवा पूल किनाऱ्यावरच्या कुठल्याही महोत्सवापेक्षा मोलाचा वाटतो.

खरी अडचण वेगळीच आहे. त्याच जनगणनेत गोव्यात 70 शहरं नोंदली गेली, पण महापालिका आणि नगरपालिका मिळून जेमतेम 14. उरलेल्या 56 ठिकाणी कारभार पंचायतीचा. पर्वरीत विधानसभा आहे, उंच इमारती आहेत, तरी पालिका नाही. सांडपाणी, पार्किंग, बस यांचं शहरी नियोजन पंचायतीच्या तुटपुंज्या निधीत कसं बसणार? गाव टिकावं ही माया मलाही आहे, पण नियोजन नाकारून गाव टिकत नाही. डोंगर कापले जातात आणि कामगार रस्त्यावर अडकतो.