चरबीतल्या स्टेम सेल्स, आणि त्या कायम तशाच राहतात हा जुना समज

ठाण्यात कुठेही गुडघेदुखीचा विषय निघाला की हल्ली एक जण तरी म्हणतोच, अरे पोटाची चरबी काढतात, त्यातल्या स्टेम सेल्स (म्हणजे वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशी) लॅबमध्ये वाढवतात न् गुडघ्यात सोडतात. ऐकणाऱ्याला वाटतं त्या लॅबमध्ये महिनोन्महिने तशाच्या तशा राहत असतील. हा समज शंभर वर्षं जुना आहे बरं का.

१९१२ मध्ये न्यूयॉर्कला सर्जन-संशोधक अ‍ॅलेक्सिस कॅरलने कोंबडीच्या भ्रूणाच्या हृदयाचा तुकडा काचेत वाढवायला घेतला, आणि ते कल्चर, म्हणजे शरीराबाहेर वाढवलेल्या पेशी, १९४६ पर्यंत चाललं, कॅरल स्वतः गेल्यानंतरही. झालं, पेशी अमर असतात असंच सगळे धरून बसले. मग १९६१ मध्ये फिलाडेल्फियात हेफ्लिक आणि मूरहेड या संशोधकांनी दाखवलं की माणसाच्या साध्या पेशी साधारण ५० वेळा दुप्पट झाल्या की थांबतात. त्यांनी पुरुषाच्या म्हाताऱ्या (म्हणजे बऱ्याच वेळा दुप्पट झालेल्या) पेशी न् बाईच्या तरुण पेशी एकाच भांड्यात ठेवल्या, शेवटी उरल्या फक्त बाईच्या, म्हणजे दोष भांड्याचा किंवा खुराकाचा नव्हता. कॅरलच्या कल्चरला जो भ्रूणाचा अर्क घालायचे त्यातूनच ताज्या पेशी आत जात असाव्यात, असं आता बरेच जण मानतात.

चरबीची एन्ट्री खरी २००१ ला. पॅट्रिशिया झुक आणि सहकाऱ्यांनी लिपोसक्शनमधून निघालेल्या, एरवी फेकून द्यायच्या चरबीतून हाड, कूर्चा, चरबी बनू शकणाऱ्या पेशी काढल्या. फ्लास्कमध्ये त्या मस्त वाढतात, पण प्रत्येक पॅसेजला, म्हणजे भांडं भरलं की पेशी नव्या भांड्यात हलवताना, काहीतरी बदलतं. ताज्या पेशींवरची सीडी३४ ही प्रथिनाची खूण हळूहळू जाते, सडपातळ पेशी मोठ्या न् चपट्या होतात, टेलोमिअर (क्रोमोसोमची टोकं) आखूड होतात, हाड-चरबी बनवायची ताकदही कमी होत जाते.

मग २००५ मध्ये माद्रिदच्या टीमने खळबळ उडवली, चार-पाच महिने वाढवल्यावर या पेशी आपोआप कॅन्सरसारख्या होतात म्हणे! २०१० मध्ये तो पेपर मागे घेतला गेला, कारण फ्लास्कमध्ये दुसऱ्याच, कॅन्सरच्या पेशी घुसल्या होत्या. म्हणजे न थकणारं कल्चर दिसलं तेव्हा पुन्हा बाहेरच्या पेशींवरच बोट गेलं, गंमतच आहे.

तेव्हापासून पेशी नक्की कुणाच्या हे डीएनएवरून पडताळायचा आग्रह वाढला, शिवाय क्रोमोसोम तपासा न् सुरुवातीच्या पॅसेजमधल्याच पेशी वापरा. आपल्याकडे आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या गाइडलाइन्सनुसार गुडघ्यावरचा हा प्रकार अजून संशोधनातच मोडतो, तो क्लिनिकल ट्रायलमध्येच व्हायला हवा, ठाण्यात असो की वाशीत.