वायर लागली, लाइट लागला, पण चित्र कुठाय?

गणपतीला कोकणातल्या घरी जमलो होतो तेव्हाची गोष्ट. भाची सीएची आर्टिकलशिप करते, सुट्टी अर्धीच मिळालेली, त्यामुळे लॅपटॉप सोबत होताच आणि या वेळी एक पातळसा १५.६ इंची पोर्टेबल मॉनिटरपण घेऊन आली, म्हणजे एकीकडे बँक स्टेटमेंट आणि दुसरीकडे एक्सेल उघडं ठेवता येतं, सारखं खिडक्या बदलत बसायला नको. पडवीतल्या टेबलावर सगळं मांडलं आणि लक्षात आलं की मॉनिटरची वायर पुण्यालाच राहिली. मग मोबाइलच्या चार्जरची सी टाइप वायर काढून लावली. दोन्ही टोकं बरोब्बर बसली, मॉनिटरचा लाइट लागला, लोगो आला, आणि मग काळ्या स्क्रीनवर नो सिग्नल. "मामा, बिघडला का रे हा?"

मॉनिटर ठणठणीत होता. वायर वीज नेत होती, चित्र नेत नव्हती.

ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण या एका कारणापायी लोक चांगले मॉनिटर परत करतात. सी टाइपच्या त्या इवल्याशा तोंडात २४ पिना असतात, १२ वर आणि १२ खाली. काही विजेच्या, काही जुन्या यूएसबी २.० च्या डेटाच्या, आणि वेगवान डेटासाठी तारांच्या चार जोड्या. मोबाइल चार्जिंगच्या बहुतेक वायरीत या चार जोड्या घातलेल्याच नसतात, चार्जिंगला त्यांची गरज नाही, शिवाय वायर स्वस्त आणि मऊ होते. बाहेरून मात्र टोक तेच, त्यामुळे बघून काही कळत नाही.

आता चित्राला किती जागा लागते त्याचा हिशोब करू. फुल एचडी स्क्रीनवर १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला २४ बिट, आणि हे सगळं सेकंदाला ६० वेळा. गुणाकार केला की सेकंदाला जवळपास ३०० कोटी बिट होतात. चार्जिंगच्या वायरीत उरलेला यूएसबी २.० चा रस्ता सेकंदाला जास्तीत जास्त ४८ कोटी बिटांचा, म्हणजे सहापट तोकडा. वेगवान जोड्यांवर डिस्प्लेपोर्टचा, म्हणजे मॉनिटरला चित्र पाठवायच्या पद्धतीचा, सिग्नल गेला तर हेच चित्र आरामात मावतं.

आणि हा सिग्नल आपोआप सुरू होत नाही. वायर लावल्यावर एक-दोन सेकंद स्क्रीन काळी राहते ना, तेवढ्यात आधी विजेचं ठरतं, कोण देणार, किती देणार, मग लॅपटॉप मॉनिटरला विचारतो तुला डिस्प्लेपोर्ट कळतं का, हो म्हटलं की त्या वेगवान जोड्या चित्राच्या कामाला लावल्या जातात, आणि मॉनिटर आपली ओळख सांगतो, मी अमुक, माझे ठिपके इतके. या व्यवस्थेला डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड म्हणतात, सी टाइपचं तोंड आलं त्याच वर्षी, २०१४ मध्ये ती जाहीर झाली. लॅपटॉपच्या पोर्टला ही सोय नसेल तर कितीही भारी वायर आणा, उपयोग नाही. पोर्टच्या बाजूला डी-पी जोडलेली खूण किंवा थंडरबोल्ट या वेगवान जोडणीची, कडाडणाऱ्या विजेच्या आकाराची खूण दिसली तर छान, पण खूण छापलेली असेलच असं नाही, म्हणून विकत घ्यायच्या आधी मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या माहितीपत्रकात ऑल्ट मोड हे शब्द शोधाच. मॅकबुक एअरवाल्यांनी अजून एक बघावं, एम१ आणि एम२ चिपवर बाहेरचा एकच मॉनिटर थेट चालतो.

एचडीएमआय लावली तर नेमकं उलटं होतं, चित्र पोचतं पण वीज पोचत नाही. एचडीएमआयमधून मिळणारी हमीची वीज पाव वॅटच्या आसपास, आणि असा मॉनिटर सात-आठ वॅट सहज खातो. म्हणून तिथे दुसरी वायर लावावी लागते. जुन्या यूएसबीच्या चौकोनी पोर्टवरून चालणारे मॉनिटरही आहेत, त्यात सॉफ्टवेअर चित्र दाबून लहान करून पाठवतं आणि पलीकडची चिप ते उलगडते, एक्सेलला पुरतं, पण व्हिडिओ लावला की लॅपटॉपला घाम फुटतो.

भाचीचा प्रश्न सुटला तो आतेभावामुळे. तो लग्नाचे व्हिडिओ शूट करतो, त्याच्या एसएसडीसोबत, म्हणजे व्हिडिओ साठवायच्या वेगवान डिस्कसोबत, आलेली आखूड, जाडसर वायर बॅगेत होती. त्यात वेगवान जोड्या असणारच, म्हटलं लावून बघ, आणि दोन सेकंदांत दुसऱ्या स्क्रीनवर तिचं एक्सेल उघडलं. कसली उडी मारली तिने!

मग प्रश्न आला लाइट जाण्याचा, पावसात आमच्याकडे भरवसा नसतो. तिच्या लॅपटॉपची बॅटरी ५० वॅट-अवरची, साध्या कामाला १० वॅट लागले तर पाच तास चालते, पण मॉनिटरचे आठ वॅट त्याच बॅटरीतून गेले की पावणेतीन तासांत संपते. ही वीज मुख्यतः जाते मागच्या एलईडीत, आणि तो उजेड पॅनलमध्येच वाया जातो, पहिला पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेचा प्रकाश जाऊ देणारा पातळ पडदा, निम्मा अडवतो, पुढे लाल-हिरवे-निळे फिल्टर उरलेल्यातला दोन तृतीयांश गिळतात, म्हणजे डोळ्यापर्यंत फार तर सहावा हिस्सा, प्रत्यक्षात त्याहून कमीच. पडवीत उजेड भरपूर म्हणून तिने ब्राइटनेस पूर्ण वर ठेवला होता, तरी स्क्रीनमध्ये अंगणातली माडांची रांगच दिसत होती. टेबल माजघरात हलवलं, ब्राइटनेस निम्म्यावर आणला, तर डोळ्यालाही बरं आणि बॅटरीलाही. मान खाली घालून बसत होती म्हणून मॉनिटरखाली दोन पाट ठेवले. वायर आखूड पडली, मग लॅपटॉपखालीपण एक पाट सरकवला आणि आरतीची घंटा वाजेपर्यंत तिच्या दोन क्लायंटचं काम हातावेगळं झालं.