हाड वाढलंय की गादी सरकलीय?

साठीनंतर कंबरेचा एक्स-रे काढला की रिपोर्टात बहुधा ‘ऑस्टिओफाइट’, म्हणजे मणक्याच्या काठावर वाढलेलं हाडाचं टोक, सापडतंच, आणि दुखण्याचं सगळं खापर त्या वाढलेल्या हाडावर फुटतं. पाय दुखत असेल तर त्याच रिपोर्टावरून ‘गादी सरकली’ असंही सांगून टाकतात. खरं तर साध्या एक्स-रेत मणक्यांमधली गादी दिसतच नाही; दोन मणक्यांतलं अंतर तेवढं दिसतं.

हाड वाढायला वर्षानुवर्षं लागतात. वयानुसार गादीतलं पाणी कमी होतं, ती बसते आणि कडेने फुगते. तिचे तंतू मणक्याच्या काठात रुतलेले असतात. तिथे सतत ताण पडला की आधी कूर्चा (हाडापेक्षा मऊ, लवचीक ऊती) तयार होते, मग तिचंच हाड बनतं. हे काही जादा कॅल्शियम साचणं नव्हे, त्यामुळे कॅल्शियम बंद करून ते विरघळणार नाही. बहुतेक टोकं पुढे किंवा बाजूला वाढतात आणि कुणालाही त्रास देत नाहीत. मणक्यांमागचे छोटे सांधे सुजून वाढले, सोबत हाडांना जोडणारा अस्थिबंध जाड झाला, तर मात्र नसांची वाट अरुंद होते.

गादीचं दुखणं अनेकदा अचानक सुरू होतं, बहुतेक वेळा तिशी ते पन्नाशीत. बाहेरचं कडं फाटून आतला मऊ गर नसेवर येतो. हा गर शरीर बऱ्याचदा हळूहळू शोषून घेतं, म्हणून अनेकांना ६ ते १२ आठवड्यांत शस्त्रक्रियेविना आराम पडतो. वाढलेलं हाड असं जिरत नाही.

दोन्हींत फरक करायला रिपोर्टापेक्षा दुखण्याची तऱ्हा जास्त कामाची. वाट अरुंद झालेल्यांचे पाय उभं राहिल्यावर, चालताना भरून येतात. बसलं किंवा पुढे वाकलं की मोकळे होतात. अशांना सायकल चालवता येते, पण उतार जड जातो. (चालताना येणारं दुखणं न बसता, नुसतं उभं राहूनच थांबत असेल तर पायाच्या रक्तवाहिन्या तपासाव्यात.) गादीवाल्यांना उलट बसणं, वाकणं, खोकणं, शिंकणं नको होतं, आणि उताणं झोपून सरळ पाय उचलला की कळ गुडघ्याखाली जाते. म्हणूनच एकाचा व्यायाम दुसऱ्याने करू नये: मागे वाकण्याने अरुंद वाट आणखी आवळते, पुढे वाकण्याने गादीचं दुखणं चिघळू शकतं.

लघवी अडणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, जांघेत बधिरपणा येणं यांपैकी काहीही झालं तर कारण कोणतंही असो, त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. पाऊल झपाट्याने लुळं पडत असेल तरीही थांबू नये.