प्रोबेशनवर सुटला पण दारू सुटेना: कोर्टाच्या तारखेआधी काय कागद जमवायचे

मारहाण, छोटी चोरी असल्या केसमध्ये दोष सिद्ध झाला तरी 1958 च्या प्रोबेशन कायद्याच्या कलम 4 खाली कोर्ट जेलऐवजी बॉन्डवर, म्हणजे चांगलं वागीन अशा लेखी हमीवर, सोडू शकतं, फक्त त्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नको आणि आरोपीचा नाहीतर जामीनदाराचा त्या भागात कायमचा पत्ता किंवा कामधंदा पाहिजे. आधार, जामीनदाराचा सातबारा वगैरे वकील सांगतोच, तिथं कोणी अडकत नाही. अडकतात पुढं, कारण बॉन्डमध्ये 'नशा करणार नाही' अशी अट असू शकते आणि ती न वाचताच अंगठा मारून लोक एसटी पकडतात.

मुदतीचाही असाच घोळ. प्रोबेशन ऑफिसरची देखरेख वर्षभराची असू शकते आणि बॉन्ड तीन वर्षापर्यंतचा. हजेरी संपली म्हणजे सुटलो असं समजून पोट्टे भट्टीवर जाऊन बसतात आणि बॉन्ड तर चालूच असतो. ऑर्डरची नक्कल काढा, दोन्ही तारखा बघा.

अट मोडल्याचा रिपोर्ट गेला की कलम 9 लागतं. समन्स येतं, ते जामीनदारालाही येऊ शकतं, नाहीतर डायरेक्ट वॉरंट. आता माणूस गेला मिरची तोडायला तेलंगणात, समन्स आलं गावच्या पत्त्यावर, कोर्टाला वाटते पळाला. जायच्या आधी ऑफिसरला लेखी द्या आणि पोच घ्या बाप्पा, तोंडी सांगितलेलं नंतर कोणालाच आठवत नाही.

सुनावणीत जुनी केस परत चालत नाही, अट मोडली का एवढंच बघतात. पहिल्यांदाच मोडली असेल तर 50 रुपयांपर्यंत दंड करून बॉन्ड चालू ठेवता येतो, हे ऐकून लोक निवांत होतात. पण पहिल्याच वेळी मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनवायचाही कोर्टाला अधिकार आहे, आणि ते 50 रुपये मुदतीत नाही भरले तरी शिक्षा होऊ शकते.

व्यसन हा आजार आहे हे खरंच, पण नुसतं "साहेब, सुटत नाही" म्हणणं म्हणजे अट मोडल्याची कबुली झाली. सोबत उपचाराचा कागद असला तर वकिलाला काही बोलता येतं, आणि नेमका तोच कागद कोणाजवळ नसतो. माळ घातली, सरपंचाचं पत्र आणलं, चांगलं आहे, पण वजन पडतं ते जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीची चिठ्ठी, डिस्चार्ज कार्ड आणि फॉलोअपच्या तारखांचं. त्यातही समन्सच्या आधीची तारीख असली तर जास्त, समन्स आल्यावर धावत जाऊन आणलेली चिठ्ठी कोणालाही ओळखू येते. चिठ्ठ्यांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

रिपोर्ट जायच्या आधीच घसरला असाल तर कलम 8 आहे, अटी बदलून घेता येतात, म्हणजे उपचाराची अट टाकून मागता येते. पण तो अर्ज ऑफिसरनंच करायचा, आणि ऑफिसर बसतात जिल्ह्याला, तुम्ही अख्खी मजुरी पाडून गेलात की साहेब दौऱ्यावर. म्हणून विनंती अर्ज आवक टेबलावर देऊन शिक्का मारून घ्या, नंतर हाच कागद कामी येतो.

वर्धा, गडचिरोलीत दारूबंदी आहे, तिथं पिऊन सापडलं तर बॉन्ड मोडला तो मोडला, वरून नवी केस. गांजाचं वेगळं आहे. स्वतः ओढण्यासाठी किंवा थोडासा जवळ सापडून दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या, कलम 39 खाली, त्याची तयारी असेल तर, सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचारासाठी सोडता येतं, पण उपचाराचा रिपोर्ट कोर्टानं दिलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त वर्षभरात, द्यावाच लागतो.

रोज भरपूर पिणाऱ्यानं तारीख जवळ आली म्हणून एकदम बंद करू नका, झटके येतात, जीवावर बेतते, डॉक्टरच्या देखरेखीतच सोडा. व्यसनमुक्तीची फ्री हेल्पलाइन 14446. वकिलाला पैसे नसतील तर 15100 वर फोन करा किंवा तालुक्याच्या विधी सेवा समितीत अर्ज द्या, एससी, एसटी, महिला आणि कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही. जातीचा दाखला मात्र सोबत न्या, त्याच्यावाचून परत पाठवतात.