अलीगढच्या कुलगुरुपदापर्यंत : प्रा. नईमा खातून यांच्या नियुक्तीची पार्श्वभूमी

अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या कुलगुरुपदी प्रा. नईमा खातून यांची पाच वर्षांसाठी नियुक्ती झाल्याचे एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाले, तेव्हा ‘शंभर वर्षांतील पहिली स्त्री’ हा उल्लेख बहुतेक बातम्यांत होता. तो बरोबर असला तरी अपुरा आहे. हे विद्यापीठ १९२० मध्ये स्थापन झाले, त्या वेळी त्याच्या पहिल्या कुलपती भोपाळच्या बेगम सुलतान जहाँ होत्या आणि १९३० मध्ये निधन होईपर्यंत त्या पदावर राहिल्या. (हिंदी बातम्यांत कुलगुरूंनाच ‘कुलपति’ म्हणतात, त्यामुळे मराठी वाचकाचा येथे हमखास गोंधळ होतो.) कुलपतिपद मानाचे असते, नेमणुका, परीक्षा आणि पैसा यांचा रोजचा कारभार कुलगुरूंकडे असतो. मान स्त्रीला पहिल्याच दिवशी मिळाला होता, कारभार मात्र शतक उलटून गेल्यावर मिळाला.

या विलंबाची मुळे विद्यापीठाच्याही आधीच्या काळात आहेत. सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ मध्ये अलीगढला ज्या संस्थेचा पाया घातला ती मुलग्यांसाठी होती, आणि आधी पुरुष शिकले पाहिजेत, मग स्त्रियांचे शिक्षण ओघाने येईल, असे त्यांचे मत होते. ते त्यांच्याच चळवळीतील पुढच्या पिढीला पटले नाही. वकील शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम यांनी १९०४ मध्ये ‘खातून’ नावाचे उर्दू मासिक काढले आणि १९०६ मध्ये मुलींची शाळा सुरू केली. या शाळेला भोपाळच्या बेगमांचे साहाय्य होते. पडदा पाळणाऱ्या घरांतील मुली शाळेत येऊ शकतील आणि पुढे वसतिगृहात राहू शकतील, अशी व्यवस्था या दांपत्याने चिकाटीने उभी केली. १९३७ मध्ये या शाळेतूनच पदवी महाविद्यालय, म्हणजे आजचे विमेन्स कॉलेज, आकाराला आले आणि त्यांच्या कन्या मुमताज जहाँ हैदर यांनी प्रदीर्घ काळ त्याचे प्राचार्यपद सांभाळले. अलीगढमध्ये स्त्रीचे नेतृत्व नव्हते असे म्हणता येणार नाही. ते या एका आवारापुरते मर्यादित राहिले, इतकेच.

नईमा खातून यांची वाटचाल याच आवारातून झाली. त्या मूळच्या ओडिशाच्या. मानसशास्त्रातील पीएच.डी. त्यांनी अलीगढलाच पूर्ण केली, १९८८ मध्ये त्याच विभागात त्या अधिव्याख्याता झाल्या आणि २००६ मध्ये प्राध्यापक. मधल्या काळात एक शैक्षणिक वर्ष त्यांनी रवांडाच्या राष्ट्रीय विद्यापीठातही अध्यापन केले. जुलै २०१४ मध्ये त्या विमेन्स कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. पदवीच्या विद्यार्थिनींना मुख्य आवारातील मौलाना आझाद ग्रंथालय वापरू दिले जात नाही, हा वाद त्याच वर्षाच्या अखेरीस देशभर गाजला. मुली आल्या तर मुलांची गर्दी चौपट होईल, असे तत्कालीन कुलगुरूंचे म्हणणे होते, आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. विमेन्स कॉलेज आणि मुख्य विद्यापीठ यांच्यातले अंतर केवळ रस्त्याचे नव्हते, हे त्या वादाने उघड केले.

कुलगुरुनिवडीची अलीगढची पद्धत इतर बहुतेक केंद्रीय विद्यापीठांपेक्षा वेगळी आहे. अलीगढमध्ये नावे सुचवणारी शोधसमिती नसते. कार्यकारी परिषद पाच नावे ठरवते, विद्यापीठाचे कोर्ट (न्यायालय नव्हे, विद्यापीठाची सर्वोच्च सभा) मतदानाने त्यांतली तीन निवडते आणि व्हिजिटर या नात्याने राष्ट्रपती त्यांपैकी एकाची नियुक्ती करतात. एप्रिल २०२३ मध्ये तत्कालीन कुलगुरू प्रा. तारिक मन्सूर उत्तर प्रदेश विधान परिषदेवर गेले आणि प्रभारी कुलगुरुपद प्रा. मोहम्मद गुलरेज यांच्याकडे आले. ते नईमा खातून यांचे पती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये पाच नावे ठरवणाऱ्या बैठकीचे अध्यक्षस्थानही त्यांच्याकडेच होते. पुढे कोर्टाने पाठवलेल्या तीन नावांत खातून यांची मते सर्वांत कमी होती. तीनपैकी कोणालाही नेमण्याचा अधिकार व्हिजिटरना असल्याने त्यातून नियमभंग होत नव्हता. परंतु पतीने त्या बैठकीपासून दूर राहायला हवे होते, हा आक्षेप सहज झटकून टाकण्यासारखा नव्हता. स्वतःच्या बळावर प्राध्यापक आणि प्राचार्य झालेल्या स्त्रीच्या निवडीवर असा डाग राहावा, हे मला अधिक खटकते, कारण तो टाळणे पूर्णपणे त्या बैठकीतील मंडळींच्या हाती होते.

त्यातच लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागू असल्याने नियुक्तीपूर्वी निवडणूक आयोगाचे मतही घ्यावे लागले. या नियुक्तीतून राजकीय लाभ उठवला जाऊ नये, या अटीवर आयोगाने हरकत घेतली नाही.

हा विलंब अलीगढचाच दोष मानणे मात्र योग्य होणार नाही. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाला डॉ. स्नेहलता देशमुख यांच्या रूपाने पहिल्या स्त्री कुलगुरू लाभल्या त्या १९९५ मध्ये, म्हणजे तेथली प्रतीक्षा अलीगढहून लांब होती. उलट बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाने स्थापनेच्याच वर्षी, १९४९ मध्ये, हंसा मेहता यांना कुलगुरू केले होते. अलीगढमध्येच १९२० साली जन्मलेल्या जामिया मिलिया इस्लामियाला २०१९ मध्ये प्रा. नजमा अख्तर या पहिल्या स्त्री कुलगुरू मिळाल्या. त्याही अलीगढच्याच विद्यार्थिनी, आणि तेथे परीक्षा नियंत्रक म्हणून त्यांनी काम केले होते.

खातून यांच्या नियुक्तीला दिलेले आव्हान अलाहाबाद उच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये फेटाळले. अंतिम निवड व्हिजिटरची असल्याने पतीच्या सहभागामुळे ती रद्द ठरत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला.