जन्मजात झडपदोष आणि व्यायामाची मनाई : पार्श्वभूमी

गड्ड्याची यात्रा जवळ आली की सोलापुरात नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या मानाच्या उंच, जड काठ्या, पेलण्याचा सराव सुरू होतो. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं पहाटे १६०० मीटर धावत असतात. हृदयाच्या झडपेत जन्मापासून दोष असलेल्या मुलाला मात्र घरचे आणि शाळा एकच सांगतात, ‘तू बस.’

ही मनाई जुन्या काळातून आली आहे. कॅनडाच्या डॉक्टर मॉड अ‍ॅबट यांनी १९३६ मध्ये जन्मजात हृदयदोषांच्या १००० रुग्णांचा अ‍ॅटलास काढला, तेव्हा हे ज्ञान बरंचसं शवविच्छेदनातून आलेलं होतं. उपचारच नव्हते, त्यामुळे जपणं एवढंच हाती होतं. पुढे चित्र झपाट्यानं पालटलं. १९४४ मध्ये बाल्टिमोरला हृदयदोषामुळे रक्तात ऑक्सिजन कमी पडून निळ्या पडणाऱ्या बाळांवर शस्त्रक्रिया झाली. १९४८ च्या सुमारास लंडनच्या शल्यविशारदांनी फुप्फुसाकडची अरुंद झडप उघडून दाखवली, आणि १९८२ मध्ये डॉक्टर जीन कान यांनी तेच काम छाती न उघडता, रक्तवाहिनीतून नळीनं नेलेल्या फुग्यानं केलं. मुलं जगली, मोठी झाली. सल्ला तोच राहिला.

खरं तर कुणाला किती व्यायाम झेपतो हे मोजायचं साधन होतं. शरीरशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी १९२३ मध्येच दाखवलं होतं की शरीर किती ऑक्सिजन वापरू शकतं याला एक कमाल मर्यादा असते. हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट ब्रूस यांची ट्रेडमिलवरच्या ताण चाचणीची पद्धत १९६३ ची: दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढवायचा. महाधमनीची (हृदयातून शरीराकडे रक्त नेणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीची) झडप फार अरुंद असेल तर पायांचे स्नायू रक्त मागतात, पण हृदय ते पुरेसं पुढे ढकलू शकत नाही. रक्तदाब वाढायचा तो वाढत नाही, चक्कर येते. हा धोका खरा आहे, तिथे मनाई योग्यच. याच झडपेतून रक्त मागे गळत असेल तर गणित वेगळं: धावताना ठोके वाढतात, गळतीला वेळ कमी मिळतो, म्हणून असे कित्येक जण वर्षानुवर्षं व्यायाम सहज सोसतात. उलटी बाजूही आहे. लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन रुग्णालयाच्या २००५ च्या अभ्यासात, जन्मजात हृदयदोष असूनही ‘मला काही त्रास नाही’ म्हणणाऱ्या प्रौढांचीही व्यायामाची क्षमता कमी भरली. म्हणून नुसतं विचारून भागत नाही.

खेळाडूंसाठीचे अमेरिकी निकष १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे त्यांत धावण्यासारखा आणि वजन पेलण्यासारखा ताण वेगळा धरला गेला. आपल्याकडे हा फरक फार मोलाचा आहे. महाधमनीच्या झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या असलेल्यांची महाधमनी कधी कधी फुगलेली असते. त्यांना चालणं-पळणं चालेल, पण श्वास रोखून नंदीध्वज पेलताना रक्तदाब एकदम चढतो. नायजेरियाचा फुटबॉलपटू न्वान्क्वो कानू १९९६ च्या झडप-शस्त्रक्रियेनंतर पुन्हा अव्वल दर्जाचं खेळला. २०२० च्या युरोपीय शिफारशीही रोगाच्या नावापेक्षा त्या माणसाच्या तपासणीवर भर देतात.

२०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत सोलापूर होतं. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेतच मुलं तपासली जाऊ लागली. दोष सापडतो, उपचारही होतो. डिस्चार्ज कार्डावर गोळ्या लिहिलेल्या असतात. कोणता व्यायाम, किती आणि पुढची ताण चाचणी कधी, हे पालकांनी त्याच कार्डावर लिहून मागावं आणि त्याची प्रत शाळेच्या क्रीडाशिक्षकांकडे द्यावी.