सेंद्रिय द्राक्षमळ्यात फवारणी होत नाही का?

सेंद्रिय वाइनच्या द्राक्षांवर कसलीही फवारणी होत नाही, हा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे. तो खरा नाही. जर्मनीच्या मोझेल खोऱ्यात, पाटीच्या निळसर-करड्या दगडांच्या उभ्या उतारांवर रीसलिंग जातीच्या द्राक्षांचे वेल वाढतात, तिथे ओल्या उन्हाळ्यात केवडा रोगाची पांढरी बुरशी पानांच्या मागे धरते आणि सेंद्रिय बागायतदारालाही तांबे, आणि भुरी रोगासाठी गंधक, फवारावेच लागते. नाशिकचे बागायतदार बोर्डो मिश्रणात मोरचूद घालतात, त्यातलेच हे तांबे. ते मातीत साठत जाते, म्हणून युरोपीय संघाने ७ वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा घातली आहे, आणि ती अत्यंत आवश्यक आहे. वर्ज्य आहेत ती कृत्रिम कीटकनाशके, बुरशीनाशके व तणनाशके. फवारण्या खरोखर कमी होतात त्या रेगेंटसारख्या रोगप्रतिकारक द्राक्षजाती लावल्याने.